बोटाला शाई लागली, पक्षाची वही मात्र कोरीच!

दर निवडणुकीचा निकाल लागला की आंबेडकरी तरुणावर एक ठपका ठेवला जातो. पोरं चळवळीत येत नाहीत, पोरांना डीजे पाहिजे, मोबाईल पाहिजे, समाजाशी त्यांना काही देणेघेणे राहिले नाही! व्यासपीठावरून हे बोलणारी मंडळी आमच्या आदराची आहेत. नामांतरासाठी त्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. त्यांच्या त्यागावर आमची शिक्षणे झाली, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु ठपका ठेवण्यापूर्वी त्यांनी एकदा आमचेही म्हणणे ऐकून घ्यावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

आम्ही गिरडचे. तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा. शेख फरीदबाबांच्या टेकडीमुळे हे गाव लांबलांब ठाऊक आहे. साधूची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल इथे दगड होऊन पडला, अशी जुनी कथा सांगतात आणि पुरावा म्हणून टेकडीवरचे गोल दगड दाखवतात. (मते घेऊन गेल्यावर आश्वासनांचे काय होते, हे पाहायला मात्र टेकडी चढावी लागत नाही.) विधानसभेला आम्ही हिंगणघाट मतदारसंघात येतो, लोकसभेला वर्धा मतदारसंघात. कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्यावर गाव जगते. ज्यांच्याकडे शेती आहे ते भावाच्या नावाने रडतात आणि आमच्यासारखे बहुतेक जण त्यांच्या शेतात मजुरीला जाऊन दोघांच्या वाट्याचे रडतात. २०२४ साली सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल जाहीर झाला आणि बाजारात चार हजारांच्या आसपास भाव मिळाला. शेतकऱ्याचा भाव पडला की पहिली मजुरी पडते ती आमच्या वस्तीची.

आमचे पहिले मत पडले ११ एप्रिल २०१९ रोजी. लोकसभेच्या पहिल्या टप्प्यात वर्ध्याचे मतदान होते आणि नेमकी त्याच दिवशी महात्मा फुले यांची जयंती होती. सकाळी विहारात तात्यासाहेबांच्या फोटोला हार घालून आम्ही थेट केंद्रावर गेलो. त्या उन्हाळ्यातले वातावरण ज्यांनी अनुभवले त्यांनाच ते कळेल. वंचित बहुजन आघाडी नवीन होती. तिने धनगर, माळी, वडार, कोळी अशा लहानलहान समाजांतल्या माणसांना उमेदवाऱ्या दिल्या होत्या. आमच्या वयाच्या पोरांना प्रथमच वाटले, की आपले मत कुणाच्या तरी पदरात भीक म्हणून टाकायचे नाही, तर त्या मताने आपलेच काही उभे राहणार आहे. राज्यात वंचित आणि एमआयएम यांच्या आघाडीला सुमारे ४१ लाख मते मिळाली. जागा एकच आली, औरंगाबादची, आणि ती मित्रपक्षाची. खुद्द अॅड. प्रकाश आंबेडकर अकोला आणि सोलापूर या दोन्ही ठिकाणी पराभूत झाले.

पराभवाचे आम्हाला दुःख झाले नाही, हे इथे स्पष्ट सांगतो. १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला होता. भंडारा आम्हाला परके नाही. पराभवाची सवय असलेला समाज आहे आमचा. दुःख झाले ते पुढे.

निकालानंतर आम्ही वाट पाहत राहिलो. कुणीतरी येईल, बैठक बोलावेल, सांगेल की बाबांनो, अमुक ठिकाणी आपण कमी पडलो, तमुक ठिकाणी मते वाढली, आता विधानसभेची तयारी अशी करायची आहे. कुणीही आले नाही. ऑक्टोबरमध्ये विधानसभा लागली, तोवर एमआयएमशी असलेली युती तुटलेली होती. का तुटली? चूक कुणाची? आम्ही ज्यांच्या भरवशावर मुस्लीम मोहल्ल्यात जाऊन मते मागितली होती, त्यांना आता कोणत्या तोंडाने सांगायचे? याची उत्तरे आम्हाला वर्तमानपत्रातून शोधावी लागली. मते ४१ लाखांवरून सुमारे २५ लाखांवर आली. चहाच्या टपरीवर गावातले लोक हसून विचारू लागले, "काहून गा, तुमचा पक्ष भाजपची बी टीम आहे म्हणते, खरं हाय का?" आरोप खोटा आहे, हे आम्हाला मनातून ठाऊक होते. पण आमच्याजवळ ना आकडा होता, ना पत्रक, ना पक्षाने समजावून दिलेला एखादा मुद्दा. आम्ही चिडत होतो आणि गप्प बसत होतो.

चिन्हाचेही तसेच. म्हातारी माणसे चिन्हाला छाप म्हणतात. फेडरेशनचा हत्ती त्यांच्या डोळ्यांत बसलेला आहे. तो हत्ती आता बहुजन समाज पक्षाकडे आहे आणि विदर्भात तोही आमच्याच वस्तीत मते मागतो. उरलेल्यांसाठी २०१९च्या लोकसभेला कपबशी, त्याच वर्षीच्या विधानसभेला गॅस सिलेंडर, २०२४च्या लोकसभेला प्रेशर कुकर! मान्यता नसलेल्या पक्षाला कायम चिन्ह मिळत नाही, हे आम्हाला समजते. मान्यतेसाठी मते लागतात, मतांसाठी चिन्ह ओळखीचे लागते आणि चिन्हासाठी पुन्हा मान्यता, हा घोळही समजतो. पण मतदानाच्या आदल्या रात्री सत्तर वर्षांच्या आजीला "आजी, या खेपेला कुकर" असे सांगताना पोराचे काय होते, हे मुंबईत बसून कळणार नाही.

आता २०२४कडे या. २३ जानेवारी २०२३ रोजी वंचित आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेची युती जाहीर झाली, तेव्हा वस्तीत दोन तट पडले. काहींना आनंद झाला. काहींना १९७४ची वरळी आठवली, कारण त्यांच्या घरात त्या दंगलीच्या गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या. पण निर्णय झालाय म्हटल्यावर आम्ही सर्वांनी तो मान्य केला. पुढे महाविकास आघाडीबरोबर जागांची बोलणी सुरू झाली. रोज वर्तमानपत्रात नवा आकडा यायचा, रोज कुणीतरी अपमान झाल्याचे सांगायचे, रोज दुसरा कुणीतरी चर्चा सकारात्मक असल्याचे सांगायचा. मार्च उजाडला आणि सगळे मोडले. मोडले तेही आम्हाला मोबाईलवरच कळले. एका बाजूला त्यांनी आपल्याला मोजलेच नाही हा राग, दुसऱ्या बाजूला 'चारसो पार' झाले तर संविधानाचे काय होईल ही भीती. यांच्यामध्ये आमची पिढी चिरडली गेली.

मतदान २६ एप्रिलला होते. त्याआधी चार-पाच रात्री आमच्या विहारात बैठका झाल्या. त्या कोणत्याही पक्षाने बोलावलेल्या नव्हत्या. बायामाणसे, म्हातारे, कॉलेजची पोरे, सगळे बसले. भांडणे झाली. "आपलं मत आपल्या माणसालाच पडलं पाहिजे, नाहीतर उद्या आपल्याला कोण विचारन?" असे एक बाजू म्हणे. "आधी संविधान वाचलं पाहिजे, मंग पक्ष," असे दुसरी. आम्ही दुसऱ्या बाजूला होतो. वस्तीने बहुतांशी महाविकास आघाडीच्या उमेदवाराला मत दिले. वर्ध्याची जागा भाजपने गमावली, राज्यात आघाडीने ४८पैकी ३० जागा जिंकल्या. आम्हाला त्या मताचा पश्चात्ताप नाही. त्या दिवशी जे पटले ते केले.

परंतु त्या मताची पुढे काय किंमत झाली? १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल दिला. उपवर्गीकरण न्याय्य आहे की घातक, यावर आमच्या वस्तीतही एकमत नाही. मातंग बांधवांचे म्हणणे वेगळे आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते. पण चार महिन्यांपूर्वी संविधान हातात धरून आमच्या दारात आलेल्यांपैकी या विषयावर बोलायला कोण आले? राष्ट्रीय पक्षांनी ज्या राज्यात जे सोयीचे ते केले. हरियाणात भाजपच्या सरकारने उपवर्गीकरण लागू केले, तेलंगणात काँग्रेसच्या सरकारने केले आणि महाराष्ट्रात दोघांनीही सावध मौन पाळले. डिसेंबरमध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतरच्या धरपकडीत पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. दोन दिवसांनी राज्यसभेत गृहमंत्र्यांनी बाबासाहेबांच्या नावाबद्दल जे उद्गार काढले, ते सर्व देशाने ऐकले. त्यावर काँग्रेसचे नेते निळे कपडे घालून संसदेच्या आवारात आले. एका दिवसासाठी का होईना निळा रंग दिल्लीत दिसला, याचे समाधान मानायचे काय? निळा कपडा दुसऱ्या दिवशी धुवायला जातो. सोमनाथच्या आईचे दुःख तसे जात नाही.

इथे एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. त्या मातेची बाजू घेऊन उच्च न्यायालयात वकील म्हणून अॅड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. आम्हाला त्याचा अभिमान आहे. आमच्या पक्षांवर टीका करताना हा भाग झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रसंग पडला की आपलीच माणसे धावून येतात. म्हणूनच आमचा राग आपल्याच माणसांवर अधिक आहे. परक्यावर माणूस रागावत नाही, त्याचा हिशेब मांडून मोकळा होतो.

वस्तीतली जुनी माणसे आमच्या रागाला हसतात. त्यांनी यापेक्षा मोठी स्वप्ने मोडताना पाहिली आहेत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षे होतात न होतात तोच त्यात दुरुस्त-नादुरुस्त असे गट पडले. १९६४चा भूमिहीनांचा सत्याग्रह हा या पक्षाचा सर्वांत तेजस्वी काळ. लाखो माणसे तुरुंगात गेली. मग १९६७चा काँग्रेसशी समझोता आणि पुढची सारी कर्मकहाणी! १९९८ साली ऐक्य झाले तेव्हा चार जण, तेही चारही खुल्या मतदारसंघांतून, लोकसभेत गेले. अकोल्याहून प्रकाश आंबेडकर, अमरावतीहून रा. सू. गवई, मुंबईहून रामदास आठवले आणि आमच्या शेजारच्या चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. त्या निकालाच्या रात्री वस्तीत बुंदी वाटली होती, असे आमचे वडील सांगतात. पुढच्या वर्षी लोकसभा बरखास्त होईपर्यंत ऐक्यही बरखास्त झाले होते. त्या चौघांचे चार पक्ष झाले. आठवले साहेब पुढे भाजपबरोबर गेले, २०१६पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत. बाबासाहेबांनी फेडरेशनच्या १९५१च्या जाहीरनाम्यात निवडणुकीपूर्वीच छापून टाकले होते, की हिंदू महासभा वा संघासारख्या प्रतिगामी पक्षाशी आणि कम्युनिस्ट पक्षाशी सहकार्य होणार नाही. तो निर्णय आज तसाच्या तसा लागू करावा की नाही, यावर वाद होऊ शकतो. आमचे म्हणणे इतकेच, की तेव्हा तो आधी लिहून मतदारांपुढे ठेवला होता. आता युती रात्री ठरते आणि सकाळी तिला तत्त्वज्ञान चिकटवले जाते.

तेव्हा नेते एकत्र येत नाहीत, हे आमचे मूळ गाऱ्हाणे नव्हे. 'ऐक्य करा' म्हणून गेली साठ वर्षे जनता टाहो फोडते आहे. ऐक्य झाले तरी ते चार-पाच जणांचेच असते आणि तुटले तरी त्या चार-पाच जणांचेच तुटते. आम्हाला ना जोडताना कुणी विचारले, ना तोडताना. गाऱ्हाणे आहे ते याचे.

आमचाच अनुभव सांगतो. पक्षाचे नाव घेत नाही, कारण दुसऱ्या पक्षाचे नाव घातले तरी मजकूर बदलणार नाही. गावात शाखा काढायची म्हणून आम्ही पंचवीस-तीस पोरांनी सभासदत्वाचे अर्ज भरले, वर्गणी गोळा केली, फलक रंगवून घेतला. जिल्ह्याहून पाहुणे आले, फीत कापली, फोटो निघाले. अर्जांच्या पावत्या नंतर पाठवतो म्हणाले. त्या आजतागायत आल्या नाहीत. वर्षभराने जिल्ह्याचा अध्यक्ष बदलला, तो एका लेटरहेडवर. जुन्याला का काढले, नव्याला कुणी निवडले, ते कळले नाही. नव्याने नवी यादी केली, तिच्यात आमची नावे नव्हती, कारण आम्ही जुन्याची माणसे! आम्ही कुणाचीच माणसे नव्हतो हो, आम्ही पक्षाचे सभासद होतो, असे आम्हाला वाटत होते. उमेदवार कोण, हेही आम्हाला अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी कळले. आणि प्रचार संपायला दोन दिवस उरले असताना फोन आला, "किती पोरं जमतील? दोन गाड्या पाठवतो."

या उलट आमच्या वस्तीची जयंती पाहा. दर वर्षी विहारात बैठक होते, समिती निवडली जाते, हात वर करून. कुणाचे नाव पटले नाही तर तोंडावर सांगतात. वर्गणी घरामागे ठरते, पावती फाडली जाते. १४ एप्रिल पार पडला की आठ-दहा दिवसांत हिशेब वाचला जातो. मंडप इतका, लाऊडस्पीकर इतका, भोजनदानाचा तांदूळ इतका. मागे एका वर्षी साडेतीनशे रुपये जुळत नव्हते, तर रात्री बारापर्यंत बैठक चालली. शेवटी कोषाध्यक्षाच्या बायकोने आठवण करून दिली, की सुतळी आणि पताका राहिल्या! मग सगळे हसले, सह्या झाल्या, वही बंद झाली. बायांचे बचत गट तर याहून काटेकोर आहेत. तिथे ठराव लिहिल्याशिवाय शंभर रुपये हलत नाहीत. मजुरी करणारी, चौथी-सातवी शिकलेली माणसे हे दर वर्षी करतात. मग वकील, प्राध्यापक, माजी खासदार ज्यांत आहेत, त्या पक्षांना सभासदांची वही आणि खर्चाची वही ठेवणे का जमू नये?

एक माणूस, एक मत यासाठी बाबासाहेब १९१९ साली साऊथबरो समितीपुढे उभे राहिल्यापासून भांडत होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा देशातल्या भल्याभल्यांना अडाण्यांच्या हाती मत देण्याची कल्पना रुचत नव्हती. त्या झगड्यातून आमच्या आजीच्या बोटाला शाई लागली. त्या महामानवाचे नाव घेणाऱ्या पक्षांत मात्र सभासदाला मत नाही! २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता. तो इशारा फक्त दिल्लीतल्या पुढाऱ्यांच्या भक्तांसाठी होता, असे आम्ही सोयीस्करपणे ठरवून टाकले आहे. आमच्याकडे 'साहेबांनी निर्णय घेतला' म्हटले की चर्चा संपते, आणि विचारणारा 'विकला गेला' ठरतो.

आणि शिकवणार कोण? जुलै १९५६मध्ये, प्रकृती साथ देत नसताना, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात येणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केले होते. विद्यार्थी अगदी थोडे होते. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच ते बंद पडले. तेव्हापासून किती मेळावे, किती परिषदा, किती महारॅली झाल्या! पण गिरडच्या पोराला मतदारयादी कशी तपासावी, अंदाजपत्रक कसे वाचावे, अनुसूचित जातींसाठीचा निधी दुसरीकडे वळवला तर तो कागदावर कसा शोधावा, हे शिकवणारा एक वर्ग कुठल्या गटाने तालुक्याच्या ठिकाणी चालवला? २०१७ साली निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ साली संपली, त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार होता. २०१८ साली अठरा वर्षांचा झालेला आमचा मित्र ऐन उमेदीच्या वयात जिल्हा परिषदेसाठी मतच देऊ शकला नाही. दलित वस्तीच्या कामांचा पैसा याच जिल्हा परिषदेतून येतो. यावर आमच्या पक्षांनी समुद्रपूरला एखादा मोर्चा काढला असता तर आम्ही बिनागाडीचे, पायी गेलो असतो.

आमच्या बाजूचेही बोलले पाहिजे. आम्ही मोबाईलवर दोन ओळी लिहून क्रांती केल्याचे समाधान मानतो. एका नेत्याच्या पोरांनी दुसऱ्या नेत्याला शिव्या दिल्या की आम्हाला चेव येतो. जयंतीच्या डीजेला जो खर्च होतो, त्यात विहाराचे वाचनालय झाले असते, हे म्हाताऱ्यांचे म्हणणे खरे आहे. २०२४च्या विधानसभेला आमच्यातले निम्मे जण नागपूर-पुण्याला कामावर होते, मतदानाला आलेच नाहीत. जे आले त्यांच्या घरात आईच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे पंधराशे जमा होत होते. ती म्हणाली, "तुमचा पक्ष काय देते ते सांगा, मंग बोला." आम्ही तिला फुले-आंबेडकर सांगू लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "थे तर आपलेच हायेत. पक्षाचं सांग." आमच्याजवळ सांगायला काही नव्हते.

तर आमची मागणी अशी आहे. सर्व गटांना, नाव कोणतेही असो. गिरडला या. सभेसाठी नको, मंडप नको, गाड्या नकोत. सभासदांची यादी घेऊन या, पावतीपुस्तक घेऊन या, आणि गेल्या निवडणुकीत पक्षाकडे काय आले व कुठे गेले तो कागद घेऊन या. पुढची युती कुणाशी करायची याचे पर्याय लिहून आणा, आम्ही विहारात बसून हात वर करून मत देऊ आणि बहुमत आमच्या मनाविरुद्ध गेले तरी त्याच उमेदवारासाठी घरोघर फिरू. येणार असाल तर चार दिवस आधी तारीख कळवा. पोरांना कामावरून सुटी काढावी लागते, आणि बाया संध्याकाळी सातनंतरच मोकळ्या होतात. विहाराची किल्ली यंदा आमच्याकडेच आहे.